माघारीची मुदत तीनपर्यंत

ज्या निवडणुकीत मतदान झालं नाही तिचा राज्यशास्त्रात अभ्यास करायचा नसतो. असा नियम कुठं लिहिलेला मला सापडला नाही. पण मी जिथं पीएच.डी. करत होते तिथं तो सगळ्यांना पाठ होता. मतं मोजायची, टक्केवारी काढायची, कुठल्या जातीनं कुठल्या पक्षाला हात दिला त्याची कोष्टकं करायची, आणि ज्या गावांतल्या सहकारी सोसायट्या 'बिनविरोध' झाल्या त्यांच्यापुढं एक आडवी रेघ मारून पुढच्या गावाला जायचं. माझे मार्गदर्शक ती रेघ फुटपट्टी लावून मारत. "इथं स्पर्धाच नाही, तर अभ्यास कशाचा करणार?" असं म्हणत, आणि चहा मागवत.

त्या रेघेचा मला अजून संताप येतो. सरांचा नव्हे. सर भले गृहस्थ होते, फक्त त्यांचं सगळं आयुष्य नळाला रोज पाणी येतं अशा गावांत गेलं होतं. संताप येतो तो ह्याचा, की आमच्या बीड जिल्ह्यात खरी निवडणूक त्या रेघेच्या पोटात होते आणि आम्ही शहाणे ती उरकल्यावर प्रश्नावल्या घेऊन पोचतो. अर्ज भरायचा शेवटचा दिवस आणि अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस, ह्यांच्या मधे जे चालतं ते राजकारण. मधल्या दिवसांत ज्यांना जमलं नाही त्यांच्यावर मतदानाची पाळी येते. आमचं शास्त्र म्हणजे वरातीमागून घोडं.

हे मला कळलं ते माझ्या मावशीपायी.

मावशीचं गाव शिरूर कासारच्या बाजूचं. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला जातं, आणि मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि दारांना कुलपं. मावशीचे यजमान होते तोवर तीही जायची. ते गेल्यावर तिनं कोयता आढ्याला खोचून ठेवला, जमीन आणि सोसायटीचा शेअर आपल्या नावावर करून घेतला, आणि एक बैलजोडी, एक म्हैस ह्यांच्या जोरावर एकटीनं संसार ओढला. एकुलत्या एका मुलीचं लग्न तिनं गोदाकाठच्या पाणभरल्या गावात लावून दिलं होतं. "माज्या पोरीला डोक्यावर हंडा न्हाई घ्यावा लागत," हे ती गावात ज्याला त्याला ऐकवायची. तोंडाची फटकळ. तिच्याशी भांडण म्हणजे बाभळीला मिठी मारणं, असं माझी आई म्हणायची, आणि आईचंही तिच्याशी पटत नसे.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा तोंड फिरवलं. विहिरी आटल्या, बोअरमधून नुसती हवा यायला लागली, कडबा मिळेनासा झाला. मग गावच्या सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली. छावणी म्हणजे सरकारी अनुदानावर जनावरं जगवायची जागा. तिथं ऊस मिळायचा, पेंड मिळायची, टँकरचं पाणी मिळायचं. जनावर तिथं बांधायचं आणि त्याच्याबरोबर माणसानंही तिथंच मुक्काम ठोकायचा. माणसानं म्हणजे बाईनं. पुरुष सकाळी यायचे, हजेरीला अंगठा उठवायचे आणि वेशीतल्या हॉटेलात जाऊन दुष्काळावर चर्चा करायचे. शेण काढायचं बाईनं, पाणी पाजायचं बाईनं, उसाचे तुकडे करून टाकायचे बाईनं, रात्री पालात जनावरांच्या शेजारी झोपायचं बाईनं. आणि छावणी चालवणाऱ्या सोसायटीच्या कमिटीच्या बैठकीला मात्र एकजात मिशा.

छावणीत कुणाची जनावरं कुठल्या रांगेला बांधायची ते सोसायटीचे चेअरमन ठरवत. चेअरमनच्या भावकीची जनावरं पुढं, टँकर थांबायचा तिथं. ज्यांचे नवरे ऊसतोडीला गेले होते त्या बाया आणि विधवा सगळ्यांत मागं. ट्रॅक्टर पुढून रिकामा होत यायचा. मागच्या रांगेपर्यंत वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, उरायचं नाही, हातात यायची नुसती वाळली कांडकी. पाण्याचंही तेच. हौदाच्या तळाचा गाळ मावशीच्या म्हशीनं प्यायचा. मावशीनं भांडण काढलं. रांगा आलटून-पालटून लावा म्हणाली. सोसायटीचा गटसचिव हसून म्हणाला, "मावशे, ते कमिटीचं काम हाय. कमिटीत येऊन बोला." ती म्हणाली, "कमिटीत कसं यायचं आसतंय?" तो म्हणाला, "निवडून या की! निवडणूक तर लागलीच हाय." आजूबाजूचे चार जण खदाखदा हसले.

मावशी तालुक्याला गेली आणि अर्ज भरून आली. थट्टा अंगाशी आली.

कमिटीवर महिलांसाठी दोन जागा राखीव होत्या. त्या दोन जागांवर चेअरमनच्या घरातल्या दोघी, त्यांची बायको आणि त्यांची चुलत भावजय, ह्यांचे अर्ज आधीच पडले होते. मावशीचा अर्ज तिसरा. म्हणजे मतदान आलं. मतदान आलं की ऊसतोडीला गेलेले सभासद ट्रकनं आणणं आलं, त्यांचं जेवणखाण आलं, आणि कोण आतून कुणाला मत देईल त्याचा घोर आला.

माघारीच्या आदल्या दिवशी मला बीडला चेअरमनचा फोन आला. मी तिथं कॉलेजात शिकवत होते. आवाज तुपात घोळलेला. "म्याडम, तुमी शिकल्या-सवरल्या. निवडणुकांवर पुस्तक लिवताय म्हणं. मावशीला जरा समजावून सांगा. जीप पाठवतो." जीप नको म्हटलं. एस.टी.नं गेले. त्यांच्या जीपमधून उतरले असते तर मावशीनं मला तिथंच कडब्याच्या पाचुंद्यासारखं उन्हात उभं केलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

छावणीत पोचले तर एका मोठ्या शेडनेटच्या सावलीला सतरंज्या अंथरल्या होत्या. त्यावर जे दृश्य होतं ते बघून मला आधी हसू आलं. आमच्या तालुक्यात दोन पक्ष. दोघांचे कार्यकर्ते एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. सोसायटीत दोघांची दोन पॅनेल, पिढीजात वैर. माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण ह्या वैरावर होतं. ते दोन्ही पॅनेलप्रमुख त्या सतरंजीवर मांडीला मांडी लावून एका बशीत शेंगदाणे खात बसले होते. जागा वाटून झाल्या होत्या. विरोधकाला उपाध्यक्षपद मिळणार होतं. राहता राहिली होती माझी मावशी, जिला कुठला पक्ष विचारत नव्हता आणि जी कुठल्या पक्षाला विचारत नव्हती.

ती समोर उभीच होती. हाताला शेणाचा वास, पदर खोचलेला.

"वयनी," चेअरमन म्हणाले. ते नात्यानं तिचे दीर लागत. "दुष्काळ हाय. निवडणूक म्हंजे खर्च, भांडणं. गाव एक ऱ्हायला पायजे. दुष्काळात राजकारण कावून करायचं?"

"खरंय भाऊजी," मावशी म्हणाली. "मंग तुमीच काढा की एक फारम. तुमच्या घरातल्या दोघी हायेत, त्यातली एक काढा. दोन जागंला दोन बाया ऱ्हातील. मतदान न्हाई, खर्च न्हाई, गाव बी एक."

मागं दावणीशी उभ्या असलेल्या बायांतून हसण्याची एक खसखस निघाली. विरोधी पॅनेलप्रमुखांना एकाएकी ठसका लागला.

"तसं न्हाई, वयनी. ते ठरलंय."

"कुणी ठरवलं?"

"गावानं."

"गाव तर ऊस तोडाया गेलंय," मावशी म्हणाली.

मला त्या क्षणी तिचे पाय धरावेसे वाटले. चेअरमननी माझ्याकडं तोंड वळवलं. "म्याडम, तुमीच सांगा आता चार शब्द."

मी सांगितले. म्हटलं, "मावशी, अर्ज ठेव. माघारीची मुदत उद्या दुपारी तीनपर्यंत आहे. तीन वाजून गेले की तुझं नाव मतपत्रिकेवर छापलं जाणार, मग ब्रह्मदेव आला तरी ते काढू शकत नाही. तेवढे तास निभाव."

चेअरमन काही रागावले नाहीत. ते कधीच रागवत नसत, हे त्यांच्याविषयीचं सगळ्यांत भीतिदायक सत्य. फक्त म्हणाले, "बरं. ठीक हाय." आणि फोन काढून जरा बाजूला गेले. बैठक मोडली. शेंगदाणे संपले.

मी मावशीपाशी राहिले. तिच्या पालात आम्ही भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. मागच्या रांगेतल्या बाया एकेक करून येऊन गेल्या. एक म्हणाली, आमचं माणूस तिकडं कारखान्यावर हाय, त्याला निरोप धाडते, मतदानाला येऊन जाय म्हणते. मावशीला निवडणूक-चिन्हांची यादी कशी असते ते हवं होतं. यादीत दावं असेल का, तिनं विचारलं. नसेल, मी म्हटलं, कपबशी असेल, छत्री असेल. "छत्री? ह्या दुष्काळात छत्री बघून लोक मत देतील का शिव्या?" ती म्हणाली, आणि आम्ही इतक्या हसलो की म्हैस दचकली. तिला आपण निवडून येऊ असं खरंच वाटायला लागलं होतं. मलाही.

इथं थांबून एक सांगते, कारण त्याशिवाय माझा राग कुणाला समजायचा नाही. माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, 'आपल्यावर कोणी दबाव आणला काय?' त्या छावणीतल्या कुणाही बाईला, खुद्द मावशीलाही, तो त्या संध्याकाळी विचारला असता तर तिनं 'न्हाई' असंच सांगितलं असतं. आणि ते खरं होतं. कुणी आवाज चढवला नव्हता. तिची जनावरं छावणीतून सोडली नव्हती. टँकर अडवला नव्हता. असल्या गोष्टी अडाणी पुढारी करतात. आमच्याकडचं राजकारण फार मुरलेलं. ते माणसाला हात लावत नाही. ते त्याची सोयरीक शोधतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायला लागलं तेव्हा चेअरमनची जीप छावणीत आली. तिच्यातून मावशीचे व्याही उतरले. तिच्या मुलीचे सासरे. गोदाकाठावरून, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकातून, पहाटेच त्यांना आणायला गाडी गेली असणार. परीटघडीचं धोतर, पांढरी टोपी, आणि चेहरा असा की जणू कुणाच्या मातीला आले आहेत.

मावशीची धांदल उडाली. मुलीचा सासरा असा शेणात उभा! तिनं डोक्यावरून पदर घेतला, पोतं झटकून अंथरलं, शेजारणीला चहा ठेवायला पिटाळलं. "पोरगी बरी हाय ना, व्याहीबुवा?"

"बरी हाय."

"मंग असं आवचित?"

ते खाली बसले नाहीत. दावणीकडं बघत म्हणाले, "इहीणबाई, उसाला तोड येईना."

ह्याचा अर्थ ज्याला कळतो त्याला दुष्काळ कळतो. ऊस पिकवणं शेतकऱ्याच्या हातात असतं, पण तो तोडायला टोळी कधी धाडायची हे कारखाना ठरवतो. पाणी असलं तर उभा ऊस चार दिवस थांबतो. विहिरीनं तळ गाठला असला तर रोज वाळतो, रोज त्याचं वजन घटतं, आणि मग तो सरपणाच्या लायकीचा राहतो. व्याह्यांचं वर्षाचं सगळं त्या एका फडात उभं होतं.

"नंबर तर कवाच आलाय," ते म्हणाले. "टोळी बसून हाय. काल सांजच्याला कारखान्याच्या संचालकानं बोलावून घेतलं. म्हणले, तुमच्या शिरूरकडच्या सोयऱ्यांचं काय ते आदी मिटवून या, मंग तोडीचं बघू."

मी ऐकत उभी होते. माझ्या डोक्यात नुसता जाळ. कुठल्या गावची सोसायटी, कुठल्या गावचा कारखाना! शेतकऱ्यांनी आपले शेअर घालून कारखाना काढायचा, त्याला सहकार म्हणायचं, आणि त्याच्या तोडीचा कोयता फोनवरून एका विधवेच्या मानेवर ठेवायचा. आणि ती टोळी तरी कुठली? आमच्याच तालुक्यातली. कदाचित ज्या बायांनी आदल्या संध्याकाळी मावशीला पाठिंबा दिला त्यांचेच नवरे तिकडं फडाच्या बांधावर कोयते घेऊन बसून होते, आणि त्यांना माहीतही नव्हतं की त्यांना कशासाठी बसवून ठेवलंय. मी म्हटलं, "मामा, हे तुम्ही लेखी द्या. मी आज कलेक्टरकडं जाते, साखर आयुक्तांकडं जाते."

व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, वाकले, आणि ती मावशीच्या पायावर ठेवली.

आमच्याकडं मुलीच्या आईनं मुलाच्या बापापुढं जन्मभर वाकायचं असतं. लग्नात पाय धुवायचे, मानपान करायचा, चुकलं तर पदर पसरायचा. मुलाच्या बापानं मुलीच्या आईच्या पायावर टोपी ठेवणं म्हणजे जग उलटं होणं. ज्या बाईच्या पायावर अशी टोपी पडते ती जिंकत नाही. तिला कुठं तोंड दाखवायला जागा उरत नाही. छावणीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले. जीपपाशी उभे असलेले चेअरमन तेवढ्यात दुसरीकडं बघायला लागले, फार सभ्य माणसासारखे. त्या सभ्यपणाला मी अजून क्षमा केलेली नाही.

मावशी विंचू चावल्यासारखी मागं सरली. "आवो, काय करताय हे! काय करताय!" तिनं टोपी उचलली, पदरानं झटकली, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली. "डोक्यावर घाला आदी. माज्या देखत घाला." त्यांनी घातली. म्हातारा रडत होता. त्यांच्यावर मी कशी रागावणार? त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

मावशी माझ्याकडं वळली. "चल."

"कुठं?"

"तालुक्याला. फारम काढाया."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "मावशी, हा कारखान्याचा प्रश्न आहे, तुझा नाही. आपण तक्रार करू. पेपरात देऊ. तीनला अजून वेळ आहे, तीन वाजू दे फक्त."

"तू तकरार करशील," ती म्हणाली, "तवर तिकडं ऊस वाळंल. आन् ऊस वाळला तर त्या घरात नाव कुणाचं पडंल? कारखान्याचं न्हाई पडायचं, चेरमनचं न्हाई पडायचं. माज्या पोरीचं पडंल. हिच्या आईपायी ऊस गेला म्हणतील. जलमभर म्हणतील. नांदायचं तिला हाय."

"पण..."

"तू गप बस. तुला लई कळतंय, पर गप बस."

त्याच जीपमधून आम्ही सगळे शिरूरला गेलो. निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी मावशीनं माघारीचा अर्ज दिला. अधिकाऱ्यांनी रीतीप्रमाणं विचारलं, "आजी, स्वखुशीनं काढताय ना?" तिच्या एका बाजूला चेअरमन, दुसऱ्या बाजूला व्याही, मागं मी. ती म्हणाली, "ल्ह्या. सोखुशीनं." अधिकाऱ्यांनी लिहिलं. विचारणं त्यांचं काम, लिहून घेणं त्यांचं काम. मान वर करून समोर कोण कोण उभं आहे ते बघणं कुणाच्याच कामात बसत नाही.

बाहेर आलो तर हलगी सुरू. आधीच ठरवून ठेवलेली. गुलाल उधळला. आणि सगळ्यांत जास्त गुलाल कुणावर? मावशीवर. जिनं जागा सोडली तिच्यावर. चेअरमननी तिच्या हातात साडी-चोळी दिली, नारळ दिला, गळ्यात हार घातला, आणि दोन्ही पॅनेलप्रमुखांच्या मधे तिला उभं करून फोटो काढला. गावानं दुष्काळात एकीचा आदर्श घालून दिला अशी बातमी आली, फोटोसकट. फोटोत मावशी हसत नाही. पण गुलालानं चेहरा इतका माखलाय की ते कळत नाही. व्याह्यांच्या उसाला दुसऱ्याच दिवशी तोड लागली.

मी परत आले ती पेटून. प्रबंधाचा आराखडा फिरवला आणि एक नवं प्रकरण लिहिलं, फक्त माघारीवर. तालुक्यातल्या बिनविरोध झालेल्या सोसायट्यांत हिंडले. ज्यांनी अर्ज काढले त्यांना एकच विचारलं, त्या दिवशी तुमच्या घरी कोण आलं होतं? कुणाचा मेव्हणा आला होता, कुणाचे गुरुबंधू आले होते, कुणाच्या मुलीचं जमत आलेलं लग्न एका निरोपानं थांबलं होतं आणि दुसऱ्या निरोपानं पुन्हा जमलं होतं. ते प्रकरण मी सरांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे किस्से आहेत, संशोधन नव्हे. त्यांनी स्वखुशीनं माघार घेतली असं अभिलेख सांगतो. अभिलेखाच्या पलीकडं आपण कसं जाणार? आणि एकमत ही लोकशाहीत चांगलीच गोष्ट आहे ना?"

मी त्या खोलीत ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच एका वडीलधाऱ्या माणसावर ओरडले. म्हटलं, "सर, एकमत व्हायला आधी मत तरी विचारावं लागतं." शेजारच्या विभागातले लोक दारात आले. सर बिचारे पाण्याचा ग्लास पुढं करत राहिले. प्रकरण मी काढलं नाही. पदवी त्यामुळं चांगली लांबली, आणि परीक्षकांपैकी एकानं ते प्रकरण परिशिष्टात ढकलायला लावलंच. असो. असो म्हणायचं आणि दात-ओठ खायचे.

पाऊसपाणी झालं, छावण्या उठल्या. सुट्टीत मी मावशीकडं गेले होते. दुपारची वेळ, गावात सामसूम. ओसरीवर आम्ही दोघी तुरीची डाळ पाखडत होतो. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी तिला पूर्वी फक्त जीपच्या मागच्या सीटवर पाहिलं होतं, डोक्यावर पदर ओढलेली. चेअरमनची बायको. सोसायटीची बिनविरोध निवडून आलेली संचालिका. कमिटीच्या बैठकीला ती एकदाही गेली नव्हती, हे गावाला ठाऊक होतं. सह्या घरीच होत.

मावशीनं सूप बाजूला ठेवलं. "ये की. अशी उभी का?"

ती उंबऱ्याच्या आतच टेकली. बराच वेळ डाळीतले खडे वेचत राहिली, आमच्या कामात आपसूक हात घातल्यासारखी. मग म्हणाली, "आक्का, राग हाय का माझ्यावर?"

"तुझ्यावर कशाचा राग?"

"तुमी फारम काढायला नको होतं."

मावशी उसळली. "आन् असं व्हय! मंग तू तुझं काढायचं होतंस की!"

"मला कोण काढू देतंय?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, तक्रारही नव्हती. "फारम भरलंय हेच मला सई करताना कळलं. म्हणलं, मला न्हाई जमायचं. तर म्हणले, तुला काय करायचंय, तुझं निवडून यायचं ठरलंय."

एकीला अर्ज ठेवू दिला नाही आणि दुसरीला काढू दिला नाही. आणि ह्या दोघींच्या मिळून झालेल्या गोष्टीला आम्ही पुस्तकात सहमती म्हणतो! तिला काही बोलून उपयोग नव्हता; तिचा त्यात काय दोष? तरी मला राहवेना. माझी जातच प्रश्न विचारणाऱ्यांची. मी विचारलं, "आणि समजा, मतदान झालंच असतं तर?"

"तर मी पडले असते," ती म्हणाली. "सुटले असते."

"आणि तुमचं स्वतःचं मत? तुम्हीही सभासद आहात ना. तुम्ही कुणाला दिलं असतं?"

तिनं हातातले खडे दाराबाहेर टाकले आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू इतकं शिकून मी हे काय विचारतेय.

"आक्काला," ती म्हणाली. "छावणीत माझी जनावरं टँकरपाशी होती, ताई. मागं काय पोचतंय ते मला समोरूनच दिसत होतं. दुसऱ्या कुणाला देणार?"